सहीमागचा मतदार

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ऑगस्टमधल्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीसाठी अर्ज भरण्याची मुदत २०२६ साली २१ एप्रिलला दुपारी चार वाजेपर्यंत होती. त्याच्या दोन वर्षे आधी याच तारखेला सुरतमध्ये काँग्रेसचे लोकसभा उमेदवार नीलेश कुंभाणी यांचा अर्ज छाननीत बाद झाला होता. एका ठिकाणी गव्हर्नरपदासाठी पंधरा हजार मतदारांच्या सह्या लागतात, दुसऱ्या ठिकाणी मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एका सूचकाची सही पुरते. तरी दोन्हीकडे अडते ते एकाच जागी. सही खोटी आहे असा आक्षेप आला, तर ती खरी की बनावट हे कोणी ठरवायचे, किती दिवसांत ठरवायचे, आणि ज्याची सही आहे त्या माणसाला कोणी विचारायचे?

सहीची अट मुळात वाईट नाही. उमेदवार म्हणून मतपत्रिकेवर नाव यायचे तर आपल्यामागे काही माणसे आहेत एवढे तरी दाखवा, असे कायदा म्हणतो. श्रीमंताला अनामत रकमेचे ओझे वाटत नाही, पण लोकांच्या दारात जाऊन सह्या मागणे त्यालाही चुकत नाही. मिशिगनमध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवाराला किमान १५,००० सह्या लागतात, जास्तीत जास्त ३०,००० देता येतात, आणि त्या राज्याच्या एकाच कोपऱ्यातून गोळा करून चालत नाही. प्रत्येक कागदावर ओळीने सही, नाव, पत्ता, तारीख. कागदाच्या तळाशी सह्या गोळा करणाऱ्याचे प्रमाणपत्र: या सह्या माझ्यासमोर झाल्या. सगळी इमारत त्या एका वाक्यावर उभी असते.

२०२२ साली ते वाक्य हजारो कागदांवर खोटे निघाले.

त्या वर्षी रिपब्लिकन पक्षाच्या दहा जणांनी गव्हर्नरपदासाठी अर्ज भरले होते. राज्याच्या निवडणूक विभागाने २३ मे रोजी अहवाल दिला. सह्या गोळा करणाऱ्या ३६ जणांनी दिलेले कागदच्या कागद बनावट होते, आणि वेगवेगळ्या पदांच्या मिळून दहा उमेदवारांच्या अर्जांत अशा किमान ६८,००० सह्या होत्या, असा त्याचा निष्कर्ष. हा अहवाल मुळातून वाचण्यासारखा आहे, कारण खोटेपणा कसा ओळखला हे त्यात साध्या शब्दांत सांगितले आहे. खऱ्या सह्यांचा कागद माणसांतून फिरून आलेला असतो. तो दुमडतो, चुरगळतो, मळतो. कोणी पत्ता चुकीचा लिहितो आणि खोडतो. कोणी तारखेच्या जागी भलतेच लिहून बसतो. हे कागद मात्र कोरे करकरीत होते, खाडाखोड जवळजवळ नाही. दहा ओळींवर दहा वेगळी माणसे असायला हवीत, तिथे दोन-तीन हस्ताक्षरे आलटून पालटून येत होती, म्हणजे चार माणसे टेबलाभोवती बसून एकमेकांकडे कागद सरकवत लिहीत असावीत असे. नावे मतदारयादीतलीच, पण यादी जुनी. त्यामुळे मेलेल्या मतदारांनी सह्या केल्या होत्या, आणि राज्य सोडून गेलेल्यांनी जुन्या पत्त्यावरून सह्या केल्या होत्या.

मृतांच्या सह्या वाचताना मला त्या घरांची आठवण होते ज्यांना हे कधी कळलेही नसेल. आईचे नाव अजून यादीत राहिले, कोणीतरी ते उचलले, आणि तिने ज्या माणसाचे नावही ऐकले नव्हते त्याच्या पाठीशी तिला उभे केले. मतदाराकडे स्वतःचे म्हणून जे थोडे असते त्यात हे नाव आहे. ते परस्पर वापरणे ही चोरी आहे, आणि ती कागदोपत्री चूक म्हणून निभावून नेता येणार नाही.

या अहवालाने पाच उमेदवार अडचणीत आले. डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग जनमत चाचण्यांत आघाडीवर होते. त्यांनी एकवीस हजारांहून अधिक सह्या दिल्या होत्या, ग्राह्य ठरल्या १०,१९२. उद्योजक पेरी जॉन्सन यांनी स्वतःचा अफाट पैसा ओतला होता, त्यांच्या ग्राह्य सह्या १३,८००, म्हणजे बाराशे कमी. डॉना ब्रँडेनबर्ग आणि मायकेल मार्की यांचीही तीच गत. पाचवे मायकेल ब्राउन यांनी दुसऱ्याच दिवशी माघार घेतली. महत्त्वाची गोष्ट अशी की उमेदवारांना वा त्यांच्या प्रचारयंत्रणांना या बनावटगिरीची कल्पना होती असे मानायला कारण नाही, असे खुद्द अहवालानेच म्हटले होते. ज्यांना सह्यांचे काम कंत्राटावर दिले होते त्यांनी फसवले. पुढे दीड वर्षाने, डिसेंबर २०२३ मध्ये, राज्याच्या महाधिवक्ता डॅना नेसल यांनी या प्रकरणी तीन जणांवर गुन्हे दाखल केले.

मग यात उमेदवाराचा दोष काय? माझ्या मते आहे. सह्या मागणे हे लोकांपर्यंत जाण्याचे काम आहे, आणि ते दर सहीमागे पैसे मोजून परक्या माणसाच्या हवाली केले तर त्या माणसाने आणलेले कागद निदान एकदा मतदारयादीशी ताडून पाहण्याची जबाबदारी उरतेच. या राज्याला धडा नवा नव्हता. २०१२ साली पाच वेळा निवडून आलेले अमेरिकी काँग्रेसचे सदस्य थॅडियस मॅककॉटर यांना अवघ्या एक हजार सह्या हव्या होत्या. त्यांच्या कर्मचाऱ्यांनी जुन्या निवडणुकांच्या कागदांच्या छायाप्रती चिकटवून दिल्या. ग्राह्य निघाल्या २४४. चार कर्मचाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, मॅककॉटर यांच्यावर नाही, पण त्याच उन्हाळ्यात त्यांनी राजीनामा दिला आणि कारकीर्द संपली. दहा वर्षांनी त्याच राज्यात पैशाला कमी नसलेले उमेदवार पुन्हा त्याच खड्ड्यात पडतात, तेव्हा त्यांना केवळ बळी म्हणणे मला जमत नाही.

न्यायालयात जो युक्तिवाद झाला तो मात्र हलक्याने घेण्यासारखा नव्हता. निवडणूक विभागाने ६८,००० सह्यांपैकी सुमारे सात हजार सह्या मतदारांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यांतली एकही ग्राह्य धरण्याजोगी निघाली नाही, म्हणून त्या ३६ जणांचे सगळेच कागद बाद केले. जॉन्सन यांचे म्हणणे असे की कायद्याने प्रत्येक सही तपासायला हवी होती. त्या ढिगात एखाद्या खऱ्या मतदाराची खरी सही असेल तर तिचे काय? प्रश्न रास्त आहे. ज्या सहीमागे खरा माणूस आहे ती सही, गोळा करणारा लबाड निघाला म्हणून फुकट जाऊ नये. पण सात हजारांत एकही नाही, हेही उत्तर होते, आणि बाकीच्या ढिगात बाराशे खऱ्या सह्या दडल्या असतील असे मानायला काही आधार समोर आला नव्हता. निर्णय ज्याच्या हाती होता त्या चार सदस्यांच्या राज्य मंडळात दोन रिपब्लिकन, दोन डेमोक्रॅट. २६ मे रोजी मते दोन विरुद्ध दोन पडली आणि बहुमत नाही म्हणून उमेदवार बाहेर राहिले. लगेच खटले. १ जूनला अपील न्यायालयाने जॉन्सन यांची मागणी फेटाळली, क्रेग यांचा दावा दुसऱ्या दिवशी खालच्या न्यायालयात फेटाळला गेला, ३ जूनला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दरवाजा बंद केला. अहवाल आला त्या दिवसापासून अकरा दिवस. प्रतिस्पर्धी टुडर डिक्सन प्राथमिक फेरी जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांच्याकडून हरल्या.

निकाल कोणाच्या पथ्यावर पडला यात मला रस नाही. रस आहे तो त्या अकरा दिवसांत. मतपत्रिका छापायला जाण्याआधी सही खरी की खोटी या प्रश्नावर तीन पायऱ्यांची न्यायालये बोलली. हरलेला माणूस हरला, पण त्याचे ऐकून घेतले गेले.

डेट्रॉइटच्या तेराव्या काँग्रेस मतदारसंघात ही गोष्ट दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी घडली आहे, आणि त्यातली एक आपल्या माणसाशी जोडलेली आहे. १९६५ पासून काँग्रेसमध्ये असलेले जॉन कॉनियर्स यांना २०१४ साली त्या जागेसाठी अपात्र ठरवले गेले. त्यांच्या सह्या गोळा करणाऱ्यांपैकी काही जण स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते, आणि राज्याच्या कायद्याला तसे चालत नव्हते. पण सह्या करणारे मतदार खरे होते. मे महिन्यात फेडरल न्यायाधीश मॅथ्यू लेटमन यांनी कॉनियर्स यांचे नाव मतपत्रिकेवर ठेवण्याचा आदेश दिला. गोळा करणारा मतदारच हवा ही सक्ती घटनेच्या कसोटीला उतरण्याजोगी नाही, असे त्यांचे मत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली कोलोरॅडोच्या एका प्रकरणात जनमत-प्रस्तावांच्या सह्यांबाबत याच धर्तीवर निकाल दिलेला होता.

दहा वर्षांनी, २०२४ साली, त्याच क्रमांकाच्या मतदारसंघात बेळगावहून गेलेले श्री ठाणेदार काँग्रेस सदस्य होते. २०२२ च्या प्राथमिक फेरीत त्यांनी माजी राज्य सिनेटर ॲडम हॉलिअर यांना थोड्या फरकाने हरवले होते आणि हॉलिअर पुन्हा उभे राहत होते. ठाणेदारांनी हॉलिअर यांच्या सह्यांवर बनावटपणाचा आक्षेप घेतला. हजार सह्या हव्या होत्या. वेन काउंटीच्या क्लार्क कॅथी गॅरेट यांनी पंधराशेहून अधिक दिलेल्या सह्यांपैकी ८६३ ग्राह्य धरल्या. हॉलिअर राज्याकडे दाद मागायला गेले, तिथेही निर्णय कायम राहिला. ठाणेदार निवडून आले. चिकोडी-बेळगावच्या मातीतला माणूस डेट्रॉइटमधून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये जातो याचा मराठी माणसाला अभिमान वाटतो, आणि वाटावाही. पण आक्षेप योग्य होता की नाही हे आपला-परका पाहून ठरत नाही. कॉनियर्स यांच्या वेळी सह्यांमागे मतदार होते, म्हणून अडथळा दूर झाला. हॉलिअर यांच्या वेळी पुरेशा सह्यांमागे मतदार सापडले नाहीत, म्हणून दार बंद राहिले. दोन्ही निर्णय मला बरोबर वाटतात, आणि एकाच कारणाने.

हे कारण हातचे सुटले की आक्षेप हे शस्त्र बनते. शिकागोत ते वर्षानुवर्षे बनले आहे. बराक ओबामा यांनी १९९६ साली इलिनॉयच्या राज्य सिनेटची पहिली निवडणूक लढवली, तेव्हा ॲलिस पामर यांच्यासह पक्षातल्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या सह्यांवर त्यांच्या बाजूने आक्षेप घेतले गेले आणि प्राथमिक फेरीत मतपत्रिकेवर ओबामा एकटे उरले. कायद्यात बसणारेच सगळे. पण पामर यांच्या कागदांत ज्या सह्या गळाल्या त्यांतल्या काही, नाव सहीच्या वळणाने न लिहिता सुट्या छापील अक्षरांत लिहिले, एवढ्यावर गळाल्या. त्या बाईने किंवा गड्याने पामर यांनाच पाठिंबा दिला होता, त्याच्या मनात शंका नव्हती, फक्त त्याचे अक्षर नियमात बसत नव्हते. बनावट सही आणि खऱ्या माणसाची वेडीवाकडी सही यांना एकाच टोपलीत टाकणारी छाननी मतदाराचे संरक्षण करत नाही.

आता सुरत. खानदेशातल्या शेकडो कुटुंबांना सुरत हे कामाचे, पोटापाण्याचे शहर आहे, त्यामुळे तिथे २०२४ च्या एप्रिलमध्ये जे घडले ते आपल्यापासून लांबचे नाही. १९ एप्रिल हा अर्जांचा शेवटचा दिवस. २० तारखेला छाननीत भाजपच्या बाजूने आक्षेप आला, की कुंभाणी यांच्या अर्जांवरील सूचकांच्या सह्या त्यांच्या नाहीत. ते तीन सूचक, जे त्यांचे नातेवाईक आणि व्यवसायातले भागीदार असल्याचे सांगितले गेले, त्यांनी प्रतिज्ञापत्रे दिली की आम्ही सह्या केलेल्या नाहीत. कुंभाणी यांना दुसऱ्या दिवसापर्यंत वेळ मिळाला, पण सूचक हजर झाले नाहीत. २१ तारखेला निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी अर्ज बाद केला. पक्षाचे पर्यायी उमेदवार सुरेश पडसाला यांचा अर्जही सूचकाच्या सहीवरूनच गेला. २२ तारखेला उरलेल्या आठ जणांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध खासदार झाले. ७ मे रोजी गुजरातच्या इतर मतदारसंघांत मतदान झाले, सुरतकर घरी बसले. काँग्रेसने कुंभाणी यांना सहा वर्षांसाठी निलंबित केले.

यात एक गोष्ट सरळ आहे. सह्या बनावट असतील तर अर्ज भरताना गुन्हा झाला. सह्या खऱ्या असतील तर खोटे प्रतिज्ञापत्र देताना गुन्हा झाला. दोहोंपैकी एक गुन्हा घडलाच. कोणता, हे शोधायला हस्ताक्षरतज्ज्ञ हवा, उलटतपासणी हवी, सूचकांना समोर बसवून प्रश्न विचारणारे कोणीतरी हवे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६ नुसार सही अस्सल नसेल तर अर्ज फेटाळता येतो, आणि त्यासाठी अधिकाऱ्याने करायची ती संक्षिप्त चौकशी. छाननीनंतर दोनच दिवसांनी माघारीची मुदत संपते. एवढ्या वेळात अधिकारी करून करून काय करणार? सहीखाली ज्याचे नाव आहे तोच ती नाकारतो म्हटल्यावर त्याने वेगळे काही केले असते असे मला वाटत नाही. माझी तक्रार अधिकाऱ्याविषयी नाही, त्याच्यावर टाकलेल्या ओझ्याविषयी आहे.

आणि यानंतर दरवाजा बंद होतो. घटनेच्या कलम ३२९ नुसार निवडणूक सुरू झाली की तिला आव्हान फक्त निवडणूक याचिकेतूनच देता येते, तेही निकालानंतर. १९५२ साली पोन्नुस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे पक्के केले. तो खटलाही मद्रास राज्यात उमेदवारी अर्ज फेटाळल्यावरूनच उभा राहिला होता. त्यामागचा विचार तेव्हा शहाणपणाचा होता. देशाची पहिलीच सार्वत्रिक निवडणूक, कोट्यवधी मतदार. प्रत्येक अर्जावर न्यायालयात धाव घेतली गेली असती तर मतदान झालेच नसते. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका, आणि ती शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावी, अशी कायद्याची अपेक्षा. प्रत्यक्षात अशा याचिका वर्षानुवर्षे चालतात, सभागृहाची मुदत संपत येते. शिवाय ज्या मतदाराला मतदानच करता आले नाही त्याला निकालानंतरची याचिका काय परत देणार? बिनविरोध झाले की मतदान यंत्र लागतच नाही, म्हणून २०१३ पासून हाती आलेला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही त्याच्यापुरता नाहीसा होतो.

मिशिगनचे अकरा दिवस दाखवतात की न्यायालय मध्ये आले म्हणजे निवडणूक रखडतेच असे नाही. प्रत्येक वादासाठी दार उघडा असे मी म्हणत नाही. वयाचा दाखला, शपथपत्रातला राहिलेला रकाना, थकबाकीचे प्रमाणपत्र, हे निकालानंतरच्या याचिकेवर सोडले तरी चालेल. पण सही माझी नाही असे सहीवालाच म्हणत असेल, किंवा सही बनावट आहे असा आक्षेप असेल, तर तेवढ्या एका मुद्द्यावर माघारीची मुदत संपायच्या आत जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या माणसापुढे सुनावणी व्हावी. सूचकाने तिथे स्वतः यावे, पुन्हा सही करावी, प्रश्नांना उत्तरे द्यावीत. गरज असेल तर माघारीची मुदत त्या मतदारसंघापुरती चार दिवस पुढे जावी. आपल्याकडे एखाद्या मतदान केंद्रावर फेरमतदान होते तेव्हा देश थांबत नाही.

आणखी सोपा उपाय तर आपल्याच नियमांत पडून आहे. निवडणूक संचालन नियमांनुसार ज्याला लिहिता येत नाही त्याने निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर अंगठा उमटवायचा, अधिकाऱ्याने त्याची ओळख पटवून घ्यायची आणि साक्षांकित करायचे. लिहिता येणाऱ्या सूचकाची सही मात्र कुठे, कोणासमोर झाली हे कोणी विचारत नाही. कार्यकर्ता अर्ज घेऊन घरी जातो, सही घेऊन येतो, आणि ती खरी असे आपण धरून चालतो. अंगठ्याला लागू असलेली खबरदारी सहीलाही लावली असती तर सुरतचा वाद उभाच राहिला नसता. सूचकाने अर्ज भरताना कार्यालयात यावे, ओळखपत्र दाखवावे, समोर सही करावी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारासाठी हा एका माणसाचा प्रश्न आहे, अपक्षासाठी दहा माणसांचा. दुर्गम तालुक्यातल्या अपक्षाला दहा जण जिल्ह्याच्या ठिकाणी आणणे जड जाईल हे खरे, त्यासाठी तहसीलदारासमोर सही करण्याची मुभा द्यावी. आधी समोर सही करून नंतर नाकारणाऱ्यालाही मग सोपे राहणार नाही. त्याच्यावर दबाव आला असेल तर तो उघड होईल, आणि त्याने पैसे घेतले असतील तर तेही.

निवडणूक आयोगाला उमेदवारी अर्जाचा नमुना बदलायला आणि अधिकाऱ्यांच्या हस्तपुस्तिकेत ही कार्यपद्धती घालायला फार मोठी कायदेदुरुस्ती लागू नये. नियमात बदल लागला तर तो केंद्र सरकारने आयोगाशी विचारविनिमय करून करायचा असतो, आणि तसे बदल अनेकदा झाले आहेत. माघारीपूर्वीच्या सुनावणीसाठी मात्र संसदेला कायद्यात हात घालावा लागेल. पहिले काम पुढच्या विधानसभा निवडणुकांच्या आधी होऊ शकते. दुसऱ्यासाठी विधेयक मांडण्याची तयारी कोणत्या पक्षाची आहे, हे सुरतच्या मतदारांनी त्यांच्या बिनविरोध खासदाराला आणि विरोधी बाकांवरच्या खासदारांनाही विचारावे.